आ करा, डायलिसिस आहे!

एक डायलिसिस म्हणजे साधारण चार तास. मशीन मिनिटाला 300 मिलिलिटर रक्त ओढत असेल, तर तेवढ्या वेळात 72 लिटर रक्त गाळणीतून जातं. अंगात रक्त जेमतेम पाच लिटर, म्हणजे तेच रक्त चौदा फेऱ्या मारतं! गाळणीच्या पलीकडून मिनिटाला अर्धा लिटर द्रव वाहतो, चार तासांत 120 लिटर. नळाच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या सोलापूरकरांना या आकड्याचं मोल सांगायला नको. शिवाय ते पाणी आधी कोळशाच्या फिल्टरमधून आणि आरओमधून काढावं लागतं. पाण्यातलं क्लोरामीन रक्तापर्यंत पोचलं, तर तांबड्या पेशी फुटतात.

रक्ताची एवढी काळजी घेणाऱ्या घरांत हिरड्यांकडे मात्र कुणी बघत नाही. वाईट वाटतं, कारण दोघांचं नातं अगदी जवळचं आहे.

तांबड्या पेशी बनवायचा हुकूम किडनीच देते, एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकातून. किडनी थकली की हिमोग्लोबिन घसरतं, म्हणून त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. आता हिरड्या सुजलेल्या असतील तर? ही सूज शरीरभर निरोप धाडते, यकृत हेप्सिडिन नावाचं रसायन वाढवतं आणि साठ्यातलं लोह साठ्यातच अडकतं. लोह आहे, पण पेशी घडवणाऱ्या अस्थिमज्जेला मिळत नाही, आणि इंजेक्शनचाही जोर कमी पडतो. हिरड्यांवर उपचार केल्यावर रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी उतरल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. हिमोग्लोबिन किती वाढतं, याचं पक्कं उत्तर अजून यायचंय.

मग नातेवाईक काय आणतात? डाळिंब! लालभडक, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं सोलापुरी डाळिंब. पण त्यात लोह नावापुरतं आणि पोटॅशियम भरपूर. डायलिसिसच्या पेशंटमध्ये वाढलेलं पोटॅशियम थेट हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय वाटी पुढे करू नका.

एक गंमत मात्र पेशंटच्या बाजूची आहे. लाळेत युरिया वाढतो, तोंडातले जंतू त्याचा अमोनिया करतात आणि दात किडवणारं आम्ल मवाळ होतं. त्यामुळे किडनीचा आजार असलेल्या मुलांत कीड अनेकदा कमी आढळते. पण दातांवर कीटण जास्त चढतं, आणि हिरड्यांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. तोंडाला येणारा उग्र वासही त्या अमोनियाचाच.

मिश्री लावणाऱ्या आज्या-मावश्यांनी हे जरूर ऐकावं: तंबाखूतल्या निकोटिनने हिरड्यांच्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त येत नाही म्हणून हिरड्या ठणठणीत आहेत असं समजू नका. आजार आत लपलेला असू शकतो.

दात काढायचा असेल तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी जावं. मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपारिनचा असर तोवर ओसरलेला असतो. दात दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आपल्या मनाने आणू नका. किडनीचं उरलंसुरलं कामही त्यांनी बंद पडू शकतं.

आणि रक्तदाबासाठीच्या अम्लोडिपिनने काहींच्या हिरड्या दातांवर चढतात! किडनी बदलल्यावर दिलं जाणारं सायक्लोस्पोरिनही तेच करतं. प्रत्यारोपणाआधी दंतवैद्याकडे पाठवतात ते मात्र जंतुसंसर्गाच्या भीतीने, कारण पुढे प्रतिकारशक्ती औषधांनी दाबूनच ठेवायची असते.