आधी पूर्व, मग उत्तर

तुमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली आणि तिने विचारले, "सलमा कुठे बसते?" तर तुम्ही काय सांगाल? "डावीकडून तिसरी रांग, पुढून पाचवा बाक." फक्त दोन आकडे सांगितले आणि जागा सापडली. पण हेच आकडे उलटे सांगितले तर? पाचवी रांग, तिसरा बाक. तिथे दुसरेच कोणीतरी बसलेले असेल!

नकाशावर जागा शोधण्याची रीतही अशीच आहे. मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवर उभ्या आणि आडव्या रेषांची जाळी छापलेली असते. या जाळीमुळे नकाशाचे सारखे चौकोन पडतात. प्रत्येक रेषेला क्रमांक असतो. जागा सांगण्यासाठी दोन आकडे लागतात. त्यांना 'ईस्टिंग' आणि 'नॉर्थिंग' म्हणतात.

हे शब्द ऐकायला अवघड वाटतात, पण त्यांचा अर्थ सोपा आहे. ईस्ट म्हणजे पूर्व. ठरलेल्या जागेपासून आपण पूर्वेकडे किती अंतर आलो, ते अंतर म्हणजे ईस्टिंग. तसेच उत्तरेकडे किती आलो, ते नॉर्थिंग. हे शब्द पूर्वीपासून दर्यावर्दींच्या वापरातले आहेत. जहाज पूर्वेला किती गेले याचा हिशोब ते ठेवत असत.

येथे अनेकांचा गोंधळ होतो. ईस्टिंगचा आकडा नकाशावर उभ्या रेषेवर लिहिलेला असतो. उभी रेषा तर उत्तर-दक्षिण धावते. मग तिला पूर्वेचे नाव का? याचे कारण असे, की त्या रेषेवर तुम्ही कितीही वर किंवा खाली जा, पूर्वेकडचे तुमचे अंतर बदलत नाही. म्हणून त्या संपूर्ण रेषेचे ईस्टिंग एकच असते. ती रेषा कोणत्या दिशेने धावते हे नाव सांगत नाही. ती किती पूर्वेला आहे, हे सांगते. आडव्या रेषेचे नॉर्थिंगही असेच समजावे.

तुम्ही म्हणाल, "भूगोलात आम्ही तूल-उल-बलद आणि अर्ज-उल-बलद, म्हणजे रेखांश आणि अक्षांश शिकलो आहोत. मग ही नवी जाळी कशाला?" प्रश्न योग्य आहे. अंश हे कोन आहेत, अंतर नव्हे. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर असतो. मालेगावजवळ तोच सुमारे १०४ किलोमीटर भरतो आणि ध्रुवावर शून्य होतो. जाळीतले आकडे मात्र मीटरमध्ये असतात. त्यामुळे साध्या वजाबाकीने अंतर कळते.

आता एक खरे उदाहरण पाहू. जगभर वापरल्या जाणाऱ्या 'यूटीएम' पद्धतीत पृथ्वीचे ६० उभे पट्टे केले आहेत. प्रत्येक पट्टा ६ अंश रुंद असतो. मुंबई, मालेगाव, जळगाव आणि अमरावती ही शहरे ४३ व्या पट्ट्यात येतात. वर्धा आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात येतात. ४३ व्या पट्ट्याची मधली रेषा ७५ अंश पूर्व रेखांशाची आहे. मालेगाव या रेषेच्या पश्चिमेला सुमारे ४९ किलोमीटर आहे. मग त्याचे ईस्टिंग 'उणे ४९' लिहायचे का? उणे चिन्ह लिहिताना चूक होण्याची भीती असते. म्हणून मधल्या रेषेलाच ५०० किलोमीटर हा आकडा दिला आहे. ५०० मधून ४९ गेले, उरले ४५१. म्हणून मालेगावचे ईस्टिंग सुमारे ४५१ किलोमीटर होते. विषुववृत्तापासून मोजलेले त्याचे नॉर्थिंग सुमारे २,२७३ किलोमीटर आहे.

जळगावचे ईस्टिंग सुमारे ५५८ आणि नॉर्थिंग सुमारे २,३२३ आहे. वजाबाकी करा. जळगाव मालेगावच्या १०७ किलोमीटर पूर्वेला आणि ५० किलोमीटर उत्तरेला आहे. आता पायथागोरसचा सिद्धांत वापरा. सरळ रेषेतील अंतर सुमारे ११८ किलोमीटर येईल. पट्टी न लावता अंतर निघाले!

एवढे मोठे आकडे रोज सांगणे कठीण असते. म्हणून किलोमीटरच्या आकड्यातले शेवटचे दोन अंक घेतात. ४५१ मधले ५१ आणि २,२७३ मधले ७३. चौकोनाचा क्रमांक झाला ५१७३. हा क्रमांक चौकोनाच्या डाव्या आणि खालच्या रेषेवरून घेतात. चौकोनाचे मनातल्या मनात दहा-दहा भाग केले, तर १०० मीटरपर्यंत जागा सांगता येते. अशा वेळी ५१४७३२ असे सहा अंक होतात. शंभर किलोमीटरनंतर तेच अंक पुन्हा येतात. त्यामुळे कोणता नकाशा हेही सांगावे लागते.

क्रम मात्र विसरू नका. अक्षांश-रेखांश सांगताना साधारणपणे उत्तरेचा आकडा आधी येतो. जाळीत पूर्वेचा आकडा आधी येतो. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे वाचता, पण उर्दूतही संख्या डावीकडून उजवीकडे लिहिता. ईस्टिंगसुद्धा संख्येप्रमाणे डावीकडून उजवीकडे वाढत जाते.

समजा, शाळेची सहल डोंगरात गेली आहे. एका मुलाचा पाय मोडला. दाट धुके पडले आहे. शिक्षकांनी फोनवर मदत मागितली. त्यांची जागा आहे ४६२८. घाईत कोणी २८४६ असे लिहून घेतले तर? मदतीची माणसे १८ किलोमीटर पश्चिमेला आणि १८ किलोमीटर उत्तरेला जातील. म्हणजे मुलापासून सुमारे २५ किलोमीटर दूर! अंक तेच, पण रात्रभर तो मुलगा वाट पाहत राहील.

नकाशावरच्या या आकड्यांमागे मोठे कष्ट आहेत. १८०२ साली विल्यम लॅम्टन यांनी मद्रासजवळ साखळीने जमीन मोजून भारताच्या मोठ्या सर्वेक्षणाला सुरुवात केली. मोजणी करत उत्तरेकडे जाताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. पुढचे काम इतरांनी चालू ठेवले.

आता तुम्हीही एक काम करा. शाळेच्या मैदानाचा नैऋत्य कोपरा शून्य माना. तेथून झाड, नळ आणि फाटक किती पावले पूर्वेला व किती पावले उत्तरेला आहेत, ते मोजून वहीत लिहा. मग वही मित्राच्या हाती द्या. त्याला न विचारता प्रत्येक जागा सापडली, तर ईस्टिंग आणि नॉर्थिंग तुम्हाला नीट समजले असे माना.