जुन्या ई-मेलची फाइल कशी ओळखावी?

उल्हास व वालधुनी नद्यांच्या २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अनेक घरांतील कागदपत्रे भिजून गेली. त्या काळातील पत्रव्यवहार आज उरलाच असेल, तर तो जुन्या संगणकावरील ई-मेलमध्ये. परदेशातील आप्तांची पत्रे, विवाहासाठी मागविलेल्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांविषयीचा मजकूर त्यात सापडू शकतो. मात्र संगणकाला ती फाइल ओळखता येत नाही आणि आपण ती खराब समजून काढून टाकतो. कृपया तसे करू नये.

प्रथम फाइलची प्रत काढावी व ती नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ पाहावी. तेथे इंग्रजी ‘फ्रॉम’ आणि पुढे अपूर्णविराम नसून मोकळी जागा असेल, तर ती ‘एमबॉक्स’ होय : एकाच फाइलीत एकाखाली एक साठविलेली सारी पत्रे. थंडरबर्ड बंद करून ही प्रत त्याच्या प्रोफाइलमधील ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवावी. पुन्हा सुरू करताच पत्रे दिसू लागतात. सूची तो स्वतःच तयार करतो.

नावाच्या शेवटी ‘डीबीएक्स’ असल्यास ती आउटलुक एक्स्प्रेसची फाइल. तिचे आधी रूपांतर करावे लागते. मराठी मजकूर अगम्य दिसला, तर तो बहुधा जुन्या फॉन्टमधील असतो. तो फॉन्ट मिळाला की अक्षरे पुन्हा वाचता येतात.