मोतीबिंदू थांबेल, बुबुळ थांबणार नाही

दसऱ्याच्या आसपास वाशिम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी जोरात असते. मग सुडी लागते, मळणी यंत्र येतं आणि कुटाराचा धुराळा उडतो. या घाईत धूसर दिसणाऱ्या म्हातारीला सांगतात, "मळणी होऊ दे, मग डोळे दाखवू." यंत्रावरच्या पोराच्या डोळ्यात कुसळ गेलं, तर त्यालाही तेच सांगतात. म्हातारीचं बहुधा निभावतं. पोराचा डोळा जाऊ शकतो.

"कुसळ निघालं की झालं" हा शेतातला सर्वांत महागडा गैरसमज. काडीनं किंवा शेंगेच्या टोकानं बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. काही दिवस फारसं जाणवत नाही. मग डोळा लाल होतो, उजेड सोसवत नाही, बुबुळावर पांढरट ठिपका दिसतो. डॉक्टर डोळ्याला फ्लुरोसिनचा रंग लावून निळ्या उजेडात पाहतात तेव्हा जखम हिरवी चमकते. जखमेवरचं थोडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे थेंब, सुरुवातीला अगदी तासातासाला, आणि पुढे कित्येक आठवडे. इथे मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेले थेंब घात करतात. त्यात स्टेरॉइड असलं तर लाली उतरते, बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. मध, कांद्याचा रस, अंगावरचं दूध यांचं तर नावच काढू नये. जखम भरल्यावर उरणारा पांढरा डाग म्हणजेच आपण म्हणतो ते 'फूल'. ते थेंबांनी जात नाही. मधोमध पडलं की बुबुळाचं रोपण करावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान केलेलं असावं लागतं. मळणीवर साधा पारदर्शक चष्मा घातला तर ही पाळी येत नाही.

आता म्हातारीकडे वळू. "मोतीबिंदू पिकू द्या" हे एके काळी डॉक्टरच सांगायचे, कारण जुन्या शस्त्रक्रियेला पिकलेलं भिंग सोयीचं पडे. आज ते गैरसोयीचं आहे. कडक झालेलं भिंग फोडणं अवघड जातं, आणि फार पिकलं तर डोळ्यातला दाब वाढून डोळा ठणकू लागतो. रोजची कामं अडायला लागली की मोतीबिंदू काढावा. थेंबांनी तो विरघळत नाही. "उन्हाळ्यात ऑपरेशन नको" यालाही आधार नाही. लहानशा छेदातून गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवतात, ते जन्मभर पुरतं. काही जणांना पुढे पुन्हा धूसर दिसतं आणि "मोतीबिंदू परत आला" असं बोललं जातं. खरं तर भिंगामागचा पातळ पडदा गढूळलेला असतो, आणि लेसरनं तो काही मिनिटांत मोकळा होतो. देशाच्या 2015-19 च्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वापैकी सुमारे 66 टक्के न काढलेल्या मोतीबिंदूमुळे होतं. सरकारी कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया भिंगासह मोफत होते, तरीही!

गैरसमज आणखीही आहेत. डोळे आल्याची साथ (2023 च्या पावसाळ्यात राज्यभर होती) नुसतं बघितल्यानं पसरत नाही. हात आणि टॉवेल पसरवतात.

काचबिंदू म्हणजे मोतीबिंदूचाच भाऊ, असं अनेकांना वाटतं. यात भिंग नव्हे, डोळ्यामागची नस सुकते, बहुधा वाढलेल्या दाबामुळे. बहुतेकांना दुखत नाही. नजर कडेकडेनं जाते, म्हणून समोरचं दिसणाऱ्याला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब, लेसर किंवा शस्त्रक्रियेनं उरलेली राखता येते. मधुमेहानं डोळ्यातला मागचा पडदा (रेटिना) खराब होतो तेव्हाही सुरुवातीला लख्ख दिसत असतं. म्हणून चाळिशीचा चष्मा करायला जाल तेव्हा नुसता नंबर काढून परतू नका. डोळ्याचा दाब आणि नस तपासून घ्या. मधुमेह असेल तर दरवर्षी पडदाही दाखवा. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं, तेव्हा मोटरसायकल चालवायला कुणालातरी सोबत न्या.