वार पडेपर्यंत

जन्मल्या जन्मल्या नाळ बोटांत धरली की ती उडते. काथ्याच्या दोरीसारखा पीळ, माशासारखी बुळबुळीत, निळसर. आत दोन रोहिण्या आणि एक नीला. बाळाच्या काळजाचा ठोका तिथे बोटाला लागतो. मग तो हळूहळू मंदावतो, नाळ पांढुरकी पडते, सैल होते. स्टाफ नर्स म्हणून मी नोकरी केली त्यातली निम्मी वर्षं हे पाहिलंच नव्हतं, कारण तोवर कात्री चाललेली असायची.

शिकवलंच तसं होतं. दोन चिमटे, मध्ये कात्री, बाळ वॉर्मरखाली. दिवस अपुरे असतील तर आणखी घाई. माझ्या लहानपणी शिरोड्याला घरोघरची बाळंतपणं वैजीण करायची. ती वार पडेपर्यंत नाळेला पातं लावायची नाही. आम्ही शिकून आलेल्या मुली तिला हसायचो. तिचे गोडवे मी गाणार नाही, त्या पात्यापायी धनुर्वात होऊन गेलेली बाळं त्या काळी कमी नव्हती. पण थांबण्याच्या बाबतीत ती बरोबर होती आणि आम्ही चूक होतो.

मिरगाच्या आधीची एक रात्र सांगते. मिठागरावर कामाला जाणारी बाय, पहिलटकरीण, एकतिसावा आठवडा. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनचं पहिलं इंजेक्शन देऊन झालं होतं. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला पाठवायचं ठरलं, 108 ला फोन गेला, पण गाडी यायच्या आत डोकं दिसायला लागलं. सोबत सासू. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं ती स्वतःलाच समजावत होती. वैद्यकाच्या हिशेबात हे उलटं आहे, पण त्या वेळी तिच्याशी वाद घालणार कोण?

बाळ आलं ते 2 वाजून 17 मिनिटांनी. अंगावर प्लास्टिकची पिशवी, डोक्याला टोपी. नाळ आखूड होती, म्हणून आईच्या पोटापर्यंत न्यायचा हट्ट धरला नाही, मांड्यांमध्येच ऊबदार फडक्यावर ठेवलं. बाळ खाली धरलं तर रक्त जास्त उतरतं, असं पूर्वी आम्हांला सांगत. 2014 मध्ये अर्जेंटिनातल्या एका अभ्यासात पुऱ्या दिवसांची बाळं आईच्या पोटावर ठेवून पाहिली आणि खाली धरूनही पाहिली. फरक पडला नाही. आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन गेलं. रक्तस्रावाची काळजी त्याने घ्यायची, त्यासाठी नाळ कापायची घाई लागत नाही.

नवी सिस्टर भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने वाचत होती. पंधरा. मी पाठ चोळली. तीस. बाळाने मांजराच्या पिल्लाएवढा आवाज काढला. माझे हात मात्र चिमट्याकडे जात होते. इतक्या वर्षांची सवय. तेवढ्यात सासू म्हणाली, "सिस्टर, कापूक इसरलात काय?"

"इसरूक नाय, आजी. अजून रगात येता हा."

किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 90 मिलिलिटरच्या आसपास रक्त असतं, म्हणजे कपभर चहाही नाही. अपुऱ्या दिवसांत बाळ आणि वार यांच्या मिळून रक्तापैकी जवळजवळ निम्मं वारेत राहिलेलं असू शकतं. बाळ श्वास घेतं तशी फुप्फुसं उघडतात आणि रक्त मागतात. तेव्हाच नाळ चिमटली, तर काळजाला एकाएकी रक्त कमी पडतं. 2023 मध्ये लॅन्सेटमध्ये सुमारे 3,300 अशा बाळांचा एकत्रित हिशेब छापून आला. लगेच नाळ कापलेल्या बाळांतली शंभरामागे आठ दगावली, थांबून कापलेल्यांतली सहा. आम्ही किती वर्षं कात्री चालवली ते आठवलं की हा दोनाचा फरक लहान वाटत नाही.

थांबवत नाही म्हणून काही जण नाळ बोटांनी निपटून रक्त आत ढकलतात. गायीची धार काढावी तसं. पण अगदी कोवळ्या, 23 ते 27 आठवड्यांच्या बाळांत ते अंगाशी येतं. 2019 च्या एका चाचणीत निपटलेल्या बाळांपैकी 22 टक्क्यांच्या मेंदूत मोठा रक्तस्राव झाला, थांबलेल्यांत 6 टक्के. डोक्यातल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक, की त्या लोंढ्याने फुटतात.

आणि दर वेळी थांबताही येत नाही. वार आधीच सुटली असेल, आईला रक्त जात असेल, पुसून-चोळूनही बाळ श्वास घेत नसेल, तर कापायचं आणि बॅग-मास्क उचलायचा. इंग्लंडात आईच्या खाटेला लागून उभी राहणारी छोटी ट्रॉली केली आहे. नाळ जोडलेली ठेवूनच बाळाला श्वास देता येतो. आमचा वॉर्मर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीतल्या प्लगजवळ. त्यामुळे त्या मिनिटात माझा एक डोळा बाळाच्या छातीवर आणि एक प्लगकडे.

पंचेचाळीस. साठ. ठोका अजून लागत होता, म्हणून आणखी थोडी थांबले. मग क्लॅम्प लावला. वजन 1,400 ग्रॅम. गाडी आली तेव्हा बाळ आईच्या छातीला बांधलेलं होतं, ओठ गुलाबी. बांदा, म्हापसा, मांडवीचा पूल, अशा वाटेने ती दोघं गेली. केसपेपरवर मी दोन वेळा लिहिल्या, जन्माची 2.17 आणि नाळेची 2.18. आधी तिथे एकच वेळ लिहायचो.

सासूला गाडीत जागा मिळाली नाही. उजाडल्यावर मुलगा न्यायला येणार होता. मी ट्रेमधली वार पुरी आहे का, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे उलटून-पालटून पाहत होते. नेहमीपेक्षा हलकी लागली, फिकी आणि चपटी. म्हातारी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "पुरूक देशात काय? माडाच्या मुळात?"