सातचा भोंगा

गिरणगावात भोंगा वाजे तो कामगाराला कामावर बोलावण्यासाठी. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली भोंग्याला निराळेच काम दिले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे टीव्ही व मोबाइल बंद करावयाचे आणि मुलांनी दीड तास लिहावयास-वाचावयास बसावयाचे, असे गावाने ठरविले. यातले मर्म हे की, बंदी सर्वांवर होती; मोठ्यांच्या मालिकाही तीत आल्या.

आमच्या वणीकडे द्राक्षबागेत दिवसभर राबून आलेली आई स्वयंपाकाला लागते, तेव्हा मूल टीव्हीपुढे बसते. तिला दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. एकट्या घराला न झेपणारी गोष्ट गावाने मिळून करावी. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 1890 साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, तीही एकजुटीनेच.

परंतु नुसता टीव्ही बंद करून भागत नाही. हाताशी पुस्तक हवे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेने पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत पोहोचविल्या. तशी मुलांच्या पुस्तकांची पेटी प्रत्येक वस्तीवर असावी.

पडद्यावरचे चित्र मुलासाठी थांबत नाही, पुस्तक थांबते. न कळलेली ओळ मूल पुन्हा वाचते, मग कोणाला तरी विचारते. ही सवय जडलेला माणूस उद्या पगारपत्रक वाचल्याशिवाय त्यावर सही करणार नाही. वाचनाचा आमचा आग्रह आहे तो यासाठी.