जांभ्यातलं लोखंड

मोहने-आंबिवलीकडून रविवारी कल्याण गाठायचं, कर्जत लोकल धरायची आणि नेरळहून माथेरान चढायचं, हा अनेकांचा ठरलेला बेत. परतताना बुटांवर जी लाल माती येते, तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा. काळ्या बेसॉल्टवर लाखो वर्षं पाऊस कोसळला. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका वाहून गेली. पाण्यात सहजी न विरघळणारं लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरलं. हाच जांभा.

महाबळेश्वरचे धावड एकोणिसाव्या शतकापर्यंत याच दगडातून लोखंड काढत. मातीची भट्टी, आत खनिज आणि लोणारी कोळसा, खालून भाता. कोळशापासून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड खनिजातला ऑक्सिजन ओढून घेई. लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात. तेवढी आच भट्टीत नसे. मग मळीने भरलेला मऊ गोळा हाती येई आणि तो तापवून, ठोकून ठोकून मळी बाहेर काढायची. बरंचसं लोह मात्र मळीबरोबरच वाया जाई.

आज यंत्रं आहेत, अडचण तीच आहे. जांभ्यातल्या गोथाइट खनिजाच्या स्फटिकात लोहाच्या जागी अॅल्युमिनियमचे अणू बसलेले असतात. दगड पिठासारखा दळला तरी ते सुटे होणार कसे? साधं चुंबकही गोथाइट-हेमॅटाइटला फारसं ओढत नाही. कोळसा किंवा वायू वापरून ६००-७०० अंशांवर भाजलं, तर त्यांचं मॅग्नेटाइट होतं आणि मग चुंबक चालतं. पण इंधनाचं बिल कोण भरणार?

अॅल्युमिनियमवाल्यांनी उलटी वाट धरली. राधानगरी तालुक्यातल्या दुर्गमानवाडचं बॉक्साइट, म्हणजे जांभ्याचाच अॅल्युमिनियमने श्रीमंत भाऊ, हिंडाल्कोच्या बेळगावच्या कारखान्यात जातं. तिथे गरम कॉस्टिक सोड्यात अॅल्युमिनियम विरघळतं, लोह विरघळत नाही. गाळून उरतो तो लाल चिखल. टनभर अॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन चिखल, तोही अल्कधर्मी. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतल्या आयका गावाजवळ अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला. दहा माणसं गेली.

या चिखलात बऱ्याचदा ३० ते ६० टक्के लोह ऑक्साइड असतं, शिवाय टायटॅनियम आणि थोडं स्कँडियमही. नागपूरच्या जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्रात त्याच्या वापरावर काम चालतं. सिमेंट कारखाने थोडाफार चिखल उचलतात. त्यातून लोखंड काढण्याची रीत ठाऊक आहे, पण छत्तीसगडच्या बैलाडिल्यात ६० टक्क्यांहून जास्त लोह असलेला दगड थेट खणून मिळतो. तो मिळतोय तोवर चिखलातलं लोखंड महागच पडणार.