बॅकअप फेल झाला? आधी नॅसपर्यंतचा रस्ता तपासा

बेळगाव : पतसंस्था असो, दवाखाना असो की अडत दुकान, हिशेब आता वहीत कमी आणि सर्व्हरमध्ये जास्त असतो. एकाच सर्व्हरवर दोन-तीन व्हर्च्युअल मशीन चालवायची आणि रात्री त्यांचा बॅकअप नेटवर्कवरच्या नॅसमध्ये टाकायचा, ही पद्धत लहान ऑफिसांतही रुळली आहे. पण ‘बॅकअप फेल्ड’ असा मेल आठवडाभर येत राहिला तरी तो कोणी उघडत नाही. सर्व्हरची डिस्क गेली की मग धावपळ सुरू होते.

असा मेल आला म्हणून लगेच सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्याची गरज नसते. सर्व्हर ते नॅस हा रस्ता कुठे तुटला, ते आधी क्रमाने बघावे. येथे प्रॉक्समॉक्सचे उदाहरण घेतले आहे. हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर असले तरी तपासण्याचा क्रम जवळपास हाच.

नॅस सापडतो का?

‘स्टोरेज इज नॉट ऑनलाइन’ असा संदेश आला, तर सर्व्हरवरून नॅसला पिंग करून बघावे. पावसाळ्यात वीज गेली-आली की राउटर पुन्हा सुरू होतो आणि नॅसला कधीकधी नवा आयपी पत्ता देतो. सर्व्हर मात्र जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. नॅसला कायमचा पत्ता ठरवून दिला, की हा त्रास संपतो.

परवानगी आहे का?

नॅस सापडतो, पण ‘परमिशन डिनाइड’ येते. शेअर एसएमबी पद्धतीचा असेल तर नॅसचा पासवर्ड कोणी बदलला आहे का, हे आधी विचारावे. जुना नॅस फक्त एसएमबीची पहिली आवृत्ती बोलत असेल तर नवीन सिस्टिम त्याला दाद देत नाही. ती आवृत्ती पुन्हा चालू करणे हा उपाय नव्हे. २०१७ मध्ये वॉनाक्राय त्याच दाराने पसरला होता.

शेअर एनएफएसचा असेल तर दोन गोष्टी बघाव्यात. सर्व्हरचा पत्ता नॅसच्या परवानगी यादीत हवा. दुसरे म्हणजे, प्रॉक्समॉक्स रूट म्हणून फाइल लिहितो आणि ‘रूट स्क्वॅश’ चालू असेल तर नॅस त्याला साधा पाहुणा समजून अडवतो. ती सेटिंग फक्त त्या शेअरपुरती आणि त्या सर्व्हरपुरती सैल करावी.

जागा आहे का?

प्रॉक्समॉक्स आधी नवा बॅकअप पूर्ण करतो आणि मगच जुना काढतो. म्हणून तीन प्रती ठेवायच्या असतील तर जागा चार प्रतींची लागते. काही नॅसमध्ये शेअरवरून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाऊन बसते, त्यामुळे ‘डिलीट केलं तरी जागा होईना’ असे वाटते. राउटरला लावलेल्या पेनड्राइव्हवर काम भागवणाऱ्यांची अडचण वेगळी असते. तो फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावतच नाही.

वेग पुरतो का?

एक गिगाबिटच्या लाइनवर ३०० जीबी जायला कागदावर ४० मिनिटे लागतात. केबलमधली एक तार तुटली की लाइन १०० मेगाबिटवर येते आणि त्याच कामाला सुमारे ६ तास ४० मिनिटे लागतात. सकाळी ऑफिस उघडले तरी बॅकअप चालूच राहतो. वर त्या वेळात व्हर्च्युअल मशीनचे लिखाणही नॅसच्या वेगासाठी थांबते, आणि काउंटरवरचा माणूस ‘सॉफ्टवेअर हँग झालं’ म्हणतो. अशा वेळी पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलून बघणे शहाणपणाचे.

कुलूप राहिले का?

बॅकअप अर्धवट तुटला तर मशीनवर ‘लॉक्ड’ अशी खूण राहते आणि पुढचा बॅकअप सुरूच होत नाही. एखादे काम खरोखर चालू नाही ना, याची आधी खात्री करावी. मगच ‘क्यूएम अनलॉक’ आणि मशीनचा क्रमांक देऊन कुलूप काढावे.

सगळ्यात फसवा प्रकार

नॅस हाताने माउंट करून साधा फोल्डर म्हणून जोडला असेल, तर नॅस बंद असतानाही फोल्डर दिसतो. बॅकअप सर्व्हरच्याच डिस्कवर लिहिला जातो, मेल ‘सक्सेसफुल’ असा येतो आणि काही दिवसांत डिस्क भरून सर्व्हरच बसतो. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये ‘इज माउंटपॉइंट’ चालू केल्यास नॅस नसताना बॅकअप सरळ फेल होतो. ते केव्हाही बरे.

म्हणूनच मेल हिरवा आहे यावर विसंबून चालत नाही. महिन्यातून एकदा एखादे मशीन वेगळ्या क्रमांकाने, नेटवर्क तोडून रिस्टोर करावे आणि त्यात कालचा हिशेब उघडतो का ते बघावे. बॅकअपच्या शेअरवर ऑफिसातल्या इतर पीसींना लिहिण्याची मुभा नसावी, नाहीतर रॅन्समवेअर आले तर मूळ आणि प्रत दोन्ही एकदम जातात. एक प्रत ऑफिसबाहेर ठेवावी. हिशेबाची वही जळू नये म्हणून पूर्वी तिजोरीत ठेवत; काळजी तीच आहे, फक्त तिजोरी बदलली.